सॉफ्टवेअरचा गट आणि गटाचे सॉफ्टवेअर

माधवनगर (जि. सांगली) : सांगलीहून तासगावकडे जाणारा रस्ता माधवनगर ओलांडून बुधगावात शिरतो. एके काळी कापडगिरणी आणि व्यापारी पेठ यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावातून आज दोन्ही दिशांना अभियांत्रिकीचे विद्यार्थी जाताना दिसतात. पुढे बुधगावात १९८३ साली स्थापन झालेली पद्मभूषण वसंतरावदादा पाटील यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था आहे. मागे सांगलीच्या विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली ‘न्यू इंजिनीअरिंग कॉलेज’ या नावाने सुरू केलेल्या या महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले आणि २००७ मध्ये शैक्षणिक स्वायत्तता लाभली. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचे. सातारा-सांगलीच्या पट्ट्याला अभियांत्रिकी शिक्षण नवे नाही.

या गावांतल्या अनेक घरांत वर्षातून काही महिने ‘प्रोजेक्ट’ हा शब्द कानावर पडत असतो. मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत जागते, मित्र-मैत्रिणींचे फोन येतात, शेवटी काळ्या कापडी बांधणीचा एक जाड अहवाल घरी येतो आणि माळ्यावर जातो. त्या अहवालात नेमके काय शिकले गेले, हे पालकांना सहसा कळत नाही. पुष्कळदा ते विद्यार्थ्यांनाही सांगता येत नाही. सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरीला लागणाऱ्या पदवीधराला पहिल्या दिवसापासून जे करावे लागते, त्याची तालीम खरे तर याच काळात व्हायला हवी. मोठे सॉफ्टवेअर अनेकांनी मिळून कसे घडवावे, हे व्याख्यानांतून पुरते शिकवता येत नाही. त्यासाठी गटाने केलेला प्रकल्पच लागतो, आणि तो विशिष्ट रीतीने केलेला असावा लागतो.

मोठे म्हणजे किती मोठे?

विद्यार्थी पहिल्या वर्षी जो प्रोग्रॅम लिहितो, तो शंभर-दोनशे ओळींचा असतो. तो लिहिणारा एक, वापरणाराही तोच, आणि आयुष्य फार तर एका प्रात्यक्षिक परीक्षेपुरते. प्रत्यक्ष व्यवहारातले सॉफ्टवेअर या तिन्ही बाबतींत वेगळे असते. उदाहरण घरचेच घ्यावे. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे आहेत आणि ते आता संगणकावर आहेत. हे सॉफ्टवेअर हजारो तलाठी वापरतात. कायद्यात किंवा नियमांत बदल झाला की त्यात बदल करावा लागतो. चूक झाली तर एखाद्याच्या जमिनीवर दुसऱ्याचे नाव लागू शकते. ज्याने ते लिहिले तो दुसऱ्या कामावर गेला, तरी उतारे निघतच राहिले पाहिजेत. ओळींची संख्या लाखांत जाते, हा मोठेपणाचा एक भाग झाला. माणसे अनेक, काळ लांब आणि हात बदलणारे, हा त्याचा अधिक अवघड भाग होय.

माणसे वाढली की अडचण किती वाढते, याचा हिशेब शाळकरी गणिताने करता येतो. चौघांच्या गटात प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलायचे असेल, तर संवादाच्या सहा वाटा होतात. दहा जणांत त्या ४५ होतात. पन्नास जणांत १,२२५. उसाच्या फडात कोयते वाढवले की तोड लवकर उरकते, कारण एका कोयत्याला दुसऱ्याशी फारसे बोलावे लागत नाही. सॉफ्टवेअरचे काम तसे नसते.

हा अनुभव जगाला साठच्या दशकात आला. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे ‘नाटो’च्या विज्ञान समितीच्या पुढाकाराने एक परिषद भरली. संगणक अधिक शक्तिमान होत होते, पण त्यांच्यासाठीची कामे ठरल्या वेळेत आणि ठरल्या खर्चात पुरी होत नव्हती. ‘सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग’ हा शब्दप्रयोग या परिषदेमुळे रूढ झाला. त्याच दशकात आयबीएमच्या ‘ओएस ३६०’ या प्रचंड प्रणालीचे काम फ्रेडरिक ब्रूक्स यांनी सांभाळले होते. त्यातल्या चुकांचा प्रामाणिक लेखाजोखा त्यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात मांडला. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसे लावली की त्याला आणखीच उशीर होतो, हा त्यांचा निष्कर्ष आज ‘ब्रूक्सचा नियम’ म्हणून ओळखला जातो. नव्या माणसांना काम समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि संवादाच्या वाटा वाढतात, हे त्याचे साधे कारण.

ब्रूक्स यांच्या कारकिर्दीचा दुसरा भाग येथे अधिक महत्त्वाचा आहे. आयबीएम सोडून ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले, १९६४ साली तेथील संगणकशास्त्र विभाग उभा केला आणि पुढे कित्येक वर्षे विद्यार्थ्यांचे गट करून सॉफ्टवेअर अभियांत्रिकी शिकवली. कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९८९ मध्ये याच विषयाची पदव्युत्तर पदवी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रस्थानी ‘स्टुडिओ’ म्हणजे दीर्घकाळ चालणारा गटप्रकल्प ठेवला. वास्तुरचनेचा विद्यार्थी जसा आरेखन दालनात गुरूच्या नजरेखाली शिकतो, तशी ही कल्पना. आपल्याकडील अभ्यासक्रमांतही हा विषय बहुधा तिसऱ्या वर्षी असतो. प्रेसमन किंवा सॉमरव्हिल यांचे जाडजूड पुस्तक असते, ‘धबधबा पद्धत’, ‘चक्राकार पद्धत’ यांच्या आकृत्या पाठ केल्या जातात. आकृत्यांना गुणही चांगले मिळतात.

हळदीची पट्टी

गटप्रकल्पातून काय शिकता येते, हे पाहण्यासाठी सांगलीचाच एक विषय कल्पनेने घेऊ. सांगली ही हळदीची जुनी आणि नामांकित बाजारपेठ. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेतकरी माल आणतो, आडत्याच्या दुकानी उतरवतो, उघड सौद्यात भाव ठरतो, वजन होते आणि शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. चार विद्यार्थ्यांच्या गटाने ठरवले, की एका आडत्यासाठी ही पट्टी संगणकावर करून द्यायची.

पहिल्या बैठकीत हे काम एका आठवड्याचे वाटते. वजन गुणिले भाव, वजा खर्च, बाकी शिल्लक. गट लगेच कोड लिहायला बसतो. गटप्रकल्पातला पहिला धडा येथे असतो, आणि तो मार्गदर्शक शिक्षकाने हात धरून थांबवल्याखेरीज मिळत नाही. आधी दुकानात जाऊन दोन दिवस नुसते बसावे.

दोन दिवस बसल्यावर वेगळेच चित्र दिसते. पोत्याचे वजन धरायचे की वजा करायचे? बारदानाचे वजन प्रत्येक पोत्याला मोजायचे की सरासरीने? एकाच शेतकऱ्याच्या मालाचे प्रतवारीनुसार तीन ढीग पडले आणि ते तीन खरेदीदारांनी वेगवेगळ्या भावांनी घेतले, तर पट्टी एक की तीन? हमाली आणि तोलाई कोणाच्या खाती? शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी उचल घेतली असेल, तर ती याच पट्टीत वळती करायची का, आणि तसे शेतकऱ्याला विचारून करायचे की न विचारता? पट्टी छापून झाल्यावर वजनात चूक सापडली, तर जुनी पट्टी पुसायची की रद्द म्हणून जपून ठेवायची? हा शेवटचा प्रश्न मुलांना क्षुल्लक वाटतो. दिवाणजींना तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तंटा नेहमी तेथेच होतो.

नावांचा गोंधळ निराळाच. एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील असतात. इंग्रजीत नोंद केली तर कोणी ‘आय’ लिहितो, कोणी दोन ‘ई’ लिहितो, आणि एकाच माणसाची दोन खाती होतात. मराठीत नोंद करावी, तर जुनी काही वर्षे श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असतात आणि नव्या प्रणालीला ती अक्षरे म्हणून ओळखताच येत नाहीत. ‘शेतकऱ्याचे नाव’ हे पट्टीवरचे शीर्षक छापताना त्यातला ‘ऱ्य’ काही फॉन्टमध्ये मोडून येतो. ही अडचण कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ती ज्या विद्यार्थ्याने सोडवली, त्याला जुना विदा नव्या रूपात आणणे म्हणजे काय हे जन्मभर लक्षात राहते.

आणखी एक प्रश्न दुकानदारच विचारतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि गणपती पेठेसारख्या व्यापारी भागात पाणी शिरले होते. २००५ चा पूरही व्यापाऱ्यांच्या स्मरणात आहे. खातेवह्या भिजल्या होत्या. मग संगणक भिजला तर? विद्यार्थ्यांच्या यादीत प्रतिलिपी जपून ठेवण्याचा मुद्दा तोवर नसतोच. गरजांचे संकलन असे ज्याला म्हणतात, ते हेच. ग्राहक काय मागतो ते टिपून घेणे सोपे असते. ग्राहकाने न मागितलेले, पण त्याला लागणारे काय, हे ओळखायला दुकानात बसावे लागते.

जोडणीचा दिवस

यानंतर कामाची वाटणी होते. एकजण वजनाच्या नोंदी पाहतो, दुसरी हिशेब, तिसरा छपाई, चौथी खात्यांचे वर्षअखेरचे उतारे. प्रत्येकाचा भाग आपापल्या संगणकावर उत्तम चालतो. मग सगळे भाग एकत्र जोडण्याचा दिवस उजाडतो आणि काहीच चालत नाही. एकाने वजन किलोत साठवलेले असते, दुसरीने क्विंटलमध्ये गृहीत धरलेले असते. शेतकऱ्याला शंभर पट रक्कम देणारी पट्टी छापून येते आणि सगळे हसतात.

हीच चूक जगाने फार महागात अनुभवली आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ने मंगळाकडे पाठवलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. कंत्राटदार कंपनीचे सॉफ्टवेअर यानाला दिलेल्या धक्क्याचे माप ब्रिटिश एककांत देत होते आणि ‘नासा’चा गट ते मेट्रिक एककांत आहे असे समजत होता. दोन्ही गट कुशल होते. त्यांच्यामधली सीमारेषा मात्र कोणी तपासली नव्हती. मोठ्या प्रणालीतले असे दोष पुष्कळदा कोणा एकाच्या भागात नसतात. ते दोन भागांच्या सांध्यात असतात, आणि एकट्याने केलेल्या प्रकल्पाला सांधाच नसतो. म्हणून जोडणीच्या दिवशीचा हा फजितीचा प्रसंग विद्यार्थ्यांना शिकत असतानाच, निकालाला धक्का न लागता, अनुभवता आला पाहिजे. तो फेब्रुवारीत आला तर शिक्षण होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आला तर फक्त जागरण होते.

त्यावरचे उपाय सगळ्या उद्योगाला ठाऊक आहेत. भाग रोज जोडून पाहावेत. प्रत्येक भागासोबत त्याची चाचणी लिहावी. एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचल्याखेरीज मुख्य प्रतीत घेऊ नये. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली ‘लिनक्स’च्या विकासासाठी तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली आज यासाठी जवळजवळ सर्वत्र वापरली जाते. कोणी, कधी, कोणत्या ओळी, कशासाठी बदलल्या, याची ती कधी न चुकणारी रोजकीर्द आहे, असे आडत्याच्या दिवाणजींना सांगितले तर ते एका वाक्यात समजतील. विद्यार्थ्यांना मात्र ती सुरुवातीला जाचक वाटते. पेन ड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरे’ अशा नावांच्या फाइली घेऊन फिरणारे गट अजूनही दिसतात.

वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी चालवलेला ‘लिनक्स युजर्स ग्रुप’ आहे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा प्रसार हे त्याचे काम. अशा मंडळांचा एक फायदा अभ्यासक्रमाच्या चौकटीत सहजी मिळत नाही. तेथे तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हाताशी धरून शिकवतो. मुक्त स्रोत प्रकल्पात हातभार लावू पाहणाऱ्याला तर दुसऱ्याने लिहिलेले लाखो ओळींचे काम आधी वाचावे लागते, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाचा अनोळखी मनुष्य त्याची चूक चारचौघांत दाखवतो. हे सहन करण्याची सवयही शिक्षणाचाच भाग आहे.

दोन उपग्रह

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांनी गटाने केलेल्या मोठ्या कामाचे सर्वांत बोलके उदाहरण अवकाशात आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपी) विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये ‘स्वयम्’ या चिमुकल्या उपग्रहाचे काम हाती घेतले. वजन एक किलोपेक्षाही किंचित कमी. रेडिओ लहरींद्वारे एका ठिकाणचा संदेश दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणे हा त्याचा हेतू. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘पीएसएलव्ही-सी ३४’ने ज्या २० उपग्रहांना कक्षेत नेले, त्यांत ‘स्वयम्’ होता. तिकडे मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलो वजनाचा उपग्रह, ज्याचे काम २००७ मध्ये सुरू झाले होते, २६ सप्टेंबर २०१६ रोजी ‘पीएसएलव्ही-सी ३५’ने गेला. वातावरणाच्या वरच्या थरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हे त्याचे काम होते.

तारखा पुन्हा पाहाव्यात. एका उपग्रहाला आठ वर्षे लागली, दुसऱ्याला नऊ. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची असते. म्हणजे ज्यांनी काम सुरू केले, ते उड्डाणाच्या किती तरी आधी पदवी घेऊन बाहेर पडले होते, आणि उड्डाणाच्या दिवशी नियंत्रण कक्षात असलेल्यांपैकी बहुतेकांनी हे काम कोणाकडून तरी वारशाने घेतले होते. उपग्रहावरच्या संगणकातले सॉफ्टवेअर, त्याची ऊर्जाव्यवस्था, दळणवळण, यांत्रिक रचना हे सगळे वेगवेगळ्या उपगटांचे काम होते. प्रत्येक टप्प्यावर ‘इस्रो’च्या तज्ज्ञांसमोर परीक्षण होते. आधीच्या तुकडीने एखादा निर्णय का घेतला, हे लिहून ठेवलेले नसेल, तर पुढच्या तुकडीला तो पुन्हा शोधावा लागणार. कक्षेत गेलेल्या यंत्रावर दुरुस्तीला माणूस पाठवता येत नाही.

या दोन प्रकल्पांच्या शेजारी हॅकेथॉन ठेवून पाहावे. २०१७ पासून केंद्र सरकारच्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’मध्ये सहा-सहा विद्यार्थ्यांचे गट भाग घेतात आणि सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीत ३६ तास सलग काम करतात. त्यातून धीटपणा येतो, प्रत्यक्ष प्रश्न समोर येतात, ग्रामीण महाविद्यालयातल्या मुलांना दिल्ली-बंगळूरच्या मुलांच्या बरोबरीने उभे राहता येते. हे लाभ कमी लेखू नयेत. पण मोठ्या सॉफ्टवेअरचे शिक्षण तेथे होते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ३६ तासांत लिहिलेले पुढे कोणी सांभाळायचे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही, आणि नोकरीतली बहुतेक वर्षे सांभाळण्यातच जातात. नव्या उमेदवाराला कंपनीत रुजू झाल्यावर सहसा कोरा कागद मिळत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे, लिहिणारा निघून गेलेला असे सॉफ्टवेअर त्याच्या हाती येते.

गुण कोणाला?

गटप्रकल्पांविषयीची सर्वांत मोठी तक्रार अन्यायाची आहे. चौघांत एक राबतो, एक अहवाल टंकतो, दोघे सादरीकरणाच्या दिवशी नवे कपडे घालून येतात आणि गुण सर्वांना सारखेच. तक्रार खरी आहे. तयार प्रकल्प विकत देणारी दुकाने शहरांतून चालतात, हेही उघड गुपित आहे, आणि गिऱ्हाईक असल्याखेरीज दुकान चालत नाही. परीक्षक फक्त शेवटच्या दिवशीचे प्रात्यक्षिक आणि काळा अहवाल पाहणार असतील, तर विकत घेतलेला प्रकल्प आणि घडवलेला प्रकल्प यांत त्यांना फरक दिसणे कठीण.

फरक दिसतो तो कामाच्या प्रवासात. आठ महिन्यांची ‘गिट’ची नोंद विकत मिळत नाही, किंवा मिळाली तरी तिच्याविषयीच्या दहा प्रश्नांना उत्तरे देता येत नाहीत. तरीही नोंदींची संख्या मोजून गुण देणे चुकीचे ठरेल. दुकानात बसून दिवाणजींना नेमके प्रश्न विचारणाऱ्या मुलीने कदाचित सर्वांत कमी ओळी लिहिलेल्या असतात आणि प्रकल्प तिच्यामुळेच उभा असतो. म्हणून काही ठिकाणी सहकाऱ्यांनी एकमेकांचे गोपनीय मूल्यमापन करण्याची पद्धत आहे. मैत्रीपोटी सगळे एकमेकांना पैकीच्या पैकी देतात, हा तिचा दोष. कारणासह उदाहरण लिहिण्याची सक्ती केली की तो पुष्कळसा कमी होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी हा प्रश्न आणखी तातडीचा केला आहे. २०२२ नंतर कोड लिहून देणारी साधने विद्यार्थ्यांच्या हाती आली आणि पट्टीचा गुणाकार आता एका वाक्याच्या सूचनेवर लिहून मिळतो. बारदान वजा करायचे की नाही, हे मात्र साधनाला ठाऊक नसते. साधनाने दिलेले वाचून, तपासून, त्याची जबाबदारी आपल्या नावावर घेणे हे काम उरते, आणि ते नेमके गटातल्या परस्परवाचनाचे काम आहे.

शिक्षकांची बाजूही पाहायला हवी. एकेका मार्गदर्शकाकडे अनेक गट, शिवाय तास आणि परीक्षांची कामे. दर आठवड्याला प्रत्येक गटासोबत अर्धा तास बसणे हे कागदावर सोपे असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीचे एकूण श्रेयांक १६० वर आणून प्रकल्प आणि आंतरवासितेला अधिक जागा करून दिली. स्वायत्त महाविद्यालयांना सत्रांची मांडणी स्वतः करता येते. संलग्न महाविद्यालयांचे हात विद्यापीठाच्या वेळापत्रकाला बांधलेले असतात.

बोलायचे कोणत्या भाषेत?

तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागांतून येणारे अनेक विद्यार्थी मराठी माध्यमातून शिकलेले असतात. त्यांचा कोड नीट असतो. परीक्षणाच्या वेळी इंग्रजीतून बोलायची पाळी आली की ते गप्प होतात, आणि इंग्रजी सफाईने बोलणारा सहकारी त्यांचे काम स्वतःचे असल्यासारखे मांडतो. या अन्यायाची वाच्यता फारशी होत नाही. मोठ्या सॉफ्टवेअरच्या कामात प्रश्न विचारणे, अडलो आहे असे सांगणे, दुसऱ्याचा निर्णय चुकीचा आहे असे म्हणणे यांवर सगळे अवलंबून असते. गप्प बसणारा कुशल मनुष्य गटाला कमी कुशल माणसाइतकाच महाग पडतो.

चर्चा मराठीत करावी आणि नोंद इंग्रजीत ठेवावी, हा मार्ग अनेक गट आपसूकच स्वीकारतात. तो अधिकृतपणे मान्य करायला हरकत नसावी. हळदीच्या दुकानातल्या मुलाखती तर मराठीतच होणार. सुरुवातीचे दोन महिने परीक्षणेही मराठीत घेतली आणि पुढे हळूहळू इंग्रजीकडे नेली, तर बोलण्याचे धाडस आधी येते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. हाताने काम करीत शिकण्याची ही परंपरा याच मुलखातली आहे. त्या परंपरेत काम येते की नाही, हे आधी पाहिले जाई.

हस्तांतर

वालचंद असो वा बुधगाव, सांगलीच्या महाविद्यालयांना उपग्रह सोडण्याची गरज नाही. पट्टीचे सॉफ्टवेअर एका तुकडीने करावे आणि पुढच्या तुकडीने तेच पुढे न्यावे, एवढे पुरे. दुसऱ्या वर्षी बेदाण्याचा सौदा त्यात आणावा; त्याचे माप वेगळे, शीतगृहाचे भाडे वेगळे. तिसऱ्या वर्षी शेतकऱ्याला मोबाइलवर पट्टी मिळावी. नवा विषय दरवर्षी हवा, हा आग्रह येथे आड येतो. ‘हा प्रकल्प मागच्या वर्षी झाला आहे’ हे वाक्य अनेक विभागांत आक्षेप म्हणून उच्चारले जाते, आणि त्यामुळे प्रत्येक तुकडी पहिल्या विटेपासून घर बांधते व छप्पर चढण्याआधी निघून जाते.

हस्तांतराची परीक्षा साधी आहे. मे महिन्यात, निकालाआधी, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक कोरा संगणक आणि जाणाऱ्या गटाची टिपणवही द्यावी. जाणाऱ्या गटाने त्याच खोलीत बसावे, पण तोंड उघडू नये. सॉफ्टवेअर उभे करून एक पट्टी छापायला नव्या गटाला किती वेळ लागतो, हे घड्याळावर पाहावे. पहिल्या वर्षी दोन दिवस लागले तरी चालतील. त्या दोन दिवसांत नव्या मुलांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न पांढऱ्या फळ्यावर लिहिला जातो, आणि जाणाऱ्या गटाला त्या सगळ्यांची उत्तरे टिपणवहीत लिहून झाल्यावरच गुणपत्रिकेवरची सही मिळते.